मेश्रामकाकांची ट्रायल

जून महिन्यातल्या भर दुपारी मेश्रामकाका स्वयंपाकघराची खिडकी लावून, गॅसवर पाण्याचं मोठं पातेलं उकळत ठेवून, बनियनवर खुर्चीत बसले होते. कूलर बंद होता. मी घाबरून विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीले काय झालं? समुद्राची ट्रायल घेऊन राहिलो. दमट हवा सोसते का नाही, पाहा लागते."

काका हुडको कॉलनीत आमच्या शेजारी राहतात. छत्तीस वर्षं प्लांटमध्ये दिवसरात्रीच्या पाळ्या करून रिटायर झाले. त्यांची एकुलती मुलगी वैशाली माझ्या वर्गात होती. आता ती कोकणात शिक्षिका आहे. तिचं सासर डोंगरावरच्या गावात, शाळा खाली समुद्राकाठच्या गावात. "आई-बाबा, आता इकडेच या," असं ती दोन वर्षांपासून म्हणते आहे. जायचं हे ठरलेलं होतं. वर राहायचं की खाली, एवढंच ठरत नव्हतं.

काकांनी त्यासाठी रजिस्टर घातलं. डाव्या पानावर 'अप्पर', उजव्या पानावर 'लोअर'. रोज सकाळी दोन्हीकडचं तापमान, पाऊस, लाईट गेली होती का, हे सगळं मुलीला फोनवर विचारून लिहायचं. डोंगराची ट्रायल म्हणून ते हातात भाजीच्या दोन पिशव्या घेऊन गच्चीचा जिना बारा वेळा चढले. डोक्यावर हेल्मेट होतं.

"हेल्मेट कावून?" काकूंनी विचारलं.

"विहीणबाईच्या अंगणात नारळाचे चार झाडं आहेत. ओव्हरहेड लोड आहे तो."

काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे रिटायर झाले का प्लांटच रिटायर होऊन घरी आला, मले तं काई समजतच नाही बाप्पा."

मला मात्र त्यांच्यावर हसवत नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. कॉलेजचा फॉर्म कसा भरतात, हे माझ्या वडिलांना माहीत नव्हतं. काकांनी तो आधी पेन्सिलने भरला, मग पेनने, आणि खाली 'चेक्ड' लिहून सही केली. कॉलेजच्या क्लार्कने ती सही कुणाची म्हणून विचारलं होतं.

दिवाळीपर्यंत निकाल उघड होता. वर मोकळी हवा, दोन रिकाम्या खोल्या, मुलगी एकाच छताखाली. खाली बस स्टँडसमोर एक खोली, दिवसभर भोंगे, धूर. काकूंनी वरच्या थंडीसाठी स्वेटर विणायला घेतला.

आणि काकांनी खालची खोली पक्की केली.

काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला पाठवलं. "तुह्यं ऐकतात ते. विचार, डोकं ठिकाणावर आहे का."

काका अंगणात सामानाच्या पेट्यांवर नंबर टाकत होते. मी विचारलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"वर तिचा संसार आहे, बाबू. सासू, सासरे, दीर, गाई. शाळेतून आली का पदर खोचते. आमी गेलो तं अजून दोन ताटं वाढतील तिले."

"पण खाली तर ती राहतच नाही."

"तिची बस नऊले खाली येते. शाळा दहाले. मधात दुसरी बसच नाही. सात वर्षं झाले, पोरगी रोज एक तास स्टँडच्या बाकड्यावर बसून राहते."

काका पेटीवर टेकले.

"ती शाळेत जाये तवा मी झोपून राहो. मी उठो तवा ती शिकवणीले. एकटी-एकटीच मोठी झाली. तो एक तास कोणाचाच नाही न. आपण घेऊन टाकू म्हटलं."

"मग काकूंना सांगा ना हे."

"सांगतो. पण वैशूले नको सांगू, ती म्हणेल, बाबा, वरच राहा."

त्यांनी पुन्हा ब्रश उचलला, पेटीवर सात नंबर लिहिला, आणि मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं,

"तू तं तिच्या वर्गात होता न? चहात साखर किती घेते ते? काकूले विचाराची लाज वाटते मले."