उमरीकर सरांची उजवी मांडी

आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो उमरीकर सरांचा, आणि मला सर्वांत जास्त वैताग दिला असेल तर तोही त्यांनीच.

सरांना माणसं दिसत नाहीत, तरफा दिसतात. लग्नाच्या पंगतीत शेजारचा घास उचलतो आणि सर त्याचं कोपर धरून विचारतात, "टेकू कुठे, जोर कुठे, वजन कुठे?" टेकू कोपरात, वजन तळहातावर, आणि दंडाचा स्नायू ओढतो तो कोपराच्या जेमतेम दोन बोटं पुढून. म्हणून घासाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर त्याला लागतो. हे समजावून होईपर्यंत बिचाऱ्याचा भात निवतो.

फुलसावंगीच्या शाळेत ते आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे. एकदा आमच्या तांड्यावर आले आणि कापूस वेचणाऱ्या माझ्या आईला म्हणाले, "बाई, कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका. मणक्यावर ताण येतो."

आई म्हणाली, "तुमी दाखवा ना सर वेचून, तसं."

सरांनी पाऊण तास उठबस करत वेचलं. मग दोघांनी धरून त्यांना बांधावर आणलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर वाकलेल्या आईचं चित्र काढून वर्गाला सांगितलं, "दर बोंडाला पूर्ण उठबस केली तर मांड्या तासाभरात संपतात. राठोडच्या आईचं बरोबर, माझं चूक. पाठ दुखते, त्यावर उपाय मलेही माहीत नाही."

बारावीनंतर फिजिओथेरपीच्या प्रवेशाचा फॉर्म त्यांनीच आणून दिला. आईने विचारलं, "म्हंजे मालीश का?"

"मालीश करणारा स्वतः दमतो. हा दुसऱ्याले दमवेल."

त्या फॉर्ममुळे मी घरातला पहिला पदवीधर झालो. आज नेरला माझा छोटा दवाखाना आहे. सरही निवृत्तीनंतर नेरच्या आपल्या घरी परतले, एकटेच.

गेल्या हिवाळ्यात ते पायरीवरून पडले आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. सर्जनने बजावलं, आता चालले नाहीत तर कायमचे खाटेवर. मी रोज संध्याकाळी व्यायामासाठी जाऊ लागलो आणि हैराण झालो.

"सर, उठताना आधी पुढे झुका."

"कायले?"

"शरीराचं वजन पावलांवर यावं म्हणून."

"बरोबर. दहापैकी दहा." आणि बसूनच राहायचे.

दहा पावलं टाकली की परत खुर्ची. मी चिडलो की म्हणायचे, "ते राहू दे, आज घोट्याच्या सांध्यावर बोल." माझे बाकीचे पेशंट एव्हाना बाजार करून यायचे, सर चौथ्या महिन्यातही अंगण ओलांडेनात. पुन्हा ऑपरेशन करावं लागतं की काय, अशी मला धास्ती बसली.

शेवटी परवा टेप घेऊन गेलो. न वापरलेला स्नायू सुकतो; किती सुकला ते बघायचं होतं. गुडघ्याच्या वाटीपासून वीतभर वर टेप लावली. उजवी मांडी डावीइतकीच भरलेली. पुन्हा मोजलं, तेच. बसून राहणाऱ्याची मांडी अशी भरत नाही.

"सर, तुम्ही चालता. रोज, भरपूर."

"तू टेप ढिली धरली."

"सर."

त्यांनी टेप माझ्या हातातून घेऊन गुंडाळली. मग म्हणाले, "सकाळी जातो. स्टँडपर्यंत." आणि टेप परत देत, "तू कागदावर 'बरे झाले' लिहिशील. मग उद्या कायले येशील?"

त्यांच्यासमोर माझं वाक्य कधी पूर्ण होत नाही. म्हणून घरी येऊन चिठ्ठी लिहिली आणि सकाळी त्यांच्या दूधवाल्याच्या हाती दिली:

आदरणीय सर,

सा. नमस्कार. हाड जुळलं, स्नायू भरला. उपचार आजपासून बंद. मांडीचं माझ्याकडे आता काही काम नाही. मी मात्र रोज सहाला येत राहीन. व्यायाम नाही, टेप नाही. दार वाजलं की बसल्या जागेवरून "ये" म्हणू नका. उठून उघडा.

तुमचा विद्यार्थी,
राठोड