धाग्याची तब्येत

त्या रविवारी शिंप्याचा सगळा स्वार्थ एका टेबलात होता. कापड बेतायच्या त्या टेबलावर गेले अकरा महिने मेहुणा झोपत होता. जुन्या न्यायालयाच्या इमारतीत आता आधुनिक कलेचं संग्रहालय होतं. तिथे मेहुणा रखवालदार होता आणि त्याची नोकरी खरोखरच एका धाग्याला टांगलेली होती. पाच दालनांतून ताणलेला एकच पांढरा सुती धागा आणि त्याच्या टोकाला पितळी घंटा. धागा झिजून तुटला, घंटा पडली, की प्रदर्शन बंद आणि मेहुणा घरी. वर्ष निभावलं तर नोकरी कायम. दहा दिवस उरले होते.

"कायम झालो की लगेच खोली बघतो, भावोजी," मेहुणा म्हणे. म्हणून शिंपी बायकोला घेऊन धाग्याची तब्येत बघायला आला.

चौथ्या दालनाच्या दारात बायको उंच छताकडे बघत मागे सरकली. शिंप्याला तिच्या खांद्यावर धागा दिसला. कपड्यावर सुटा दोरा दिसला की तोडायचा, तीस वर्षांची सवय! त्याने तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरला, वाकला आणि दातांनी कट्‌कन तोडला.

मग कळलं. टोकं चिमटीत होती, म्हणूनच घंटा अजून वर होती.

"अहो, हे काय केलंत?"

"ओरडू नकोस! हात सुटला तर तुझा भाऊ जन्मभर टेबलावर!"

"मग बांधा की!"

"पुरत नाहीये गं. पिशवीत दोरा बघ!"

"काळाच आहे."

"आण!"

तिसऱ्या दालनात पावलं वाजली. हा धागा मांडणाऱ्या कलाकार बाई रोज चारला भिंग घेऊन तो तपासायच्या. बायकोने दोरा मध्ये धरला, शिंप्याने दोन गाठी मारल्या आणि बाई समोर उभ्या राहिल्या. मागे मेहुणा, पांढराफटक.

"हे कोणी केलं?"

"मी, बाई. चुकून तुटला." शिंप्याने मेहुण्याकडे बोट केलं. "ह्याला काढू नका."

बाईंनी काळ्या दोऱ्याच्या गाठींवर भिंग धरलं. "तुटायचीच वाट बघत होते. कोणी बांधेल, हे मनातच आलं नव्हतं."

तुटला की बांधायचा, असं ठरवून त्यांनी प्रदर्शन कायमचं केलं. संग्रहालयाला गर्दी मिळाली, बाईंना नाव, मेहुण्याला नोकरी. नोकरीच्या जोरावर त्याने महिन्याभरात लग्नही उरकलं.

"खोली बघितली, भावोजी, पण लांब पडते. आम्ही दोघंच तर आहोत, टेबल पुरतं."

शिंपी हल्ली जमिनीवर गुडघे टेकून कापड बेततो.