कागद कुणाकडे ठेवायचा?

डेल्मर टॉलबटने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. एका कोपऱ्यावर मधाची बरणी ठेवली, दुसऱ्यावर मिठाची, तिसऱ्यावर चष्म्याचं घर आणि चौथ्यावर बायकोचा हात. मग बोट पूर्वेकडे सरकवत एका तपकिरी सुरकुतीवर आणून थांबवलं.

"कोल्ड बिस्किट कॅन्यन," तो म्हणाला. "डांबर संपलं की पुढे साठ मैल कच्चा रस्ता."

"फोन?" नेड्राने विचारलं.

"लागत नाही."

"शेजारपाजार?"

"सरडे."

"ते वाटीभर साखर मागायला येत नाहीत ना?"

"अजून तरी ऐकलं नाही."

"मग हीच घळ," नेड्रा म्हणाली, आणि तिने त्या सुरकुतीभोवती पेन्सिलीने गोल काढला.

नेड्राचं मागणं काही फार मोठं नव्हतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. सात मुलं वाढवताना तिने अंडी तळली ती डझनाने, सूप केलं ते बादलीने. जूनमध्ये धाकटीचं लग्न झालं आणि घर रिकामं झालं, पण गाव कुठे रिकामं होतंय? टॅमरिस्क हे त्रेचाळीस माणसांचं गाव, आणि त्यातल्या एकेचाळीस जणांना रोज नेड्राची गरज पडायची. चर्चमध्ये मुलांच्या वर्गाला पियानो तिने वाजवायचा, बाळंतिणीकडे डबा तिने पोचवायचा, हरवलेलं कुत्रंही तिच्याच अंगणात यायचं.

"मला तीन दिवस हवेत डेल्मर," ती म्हणाली होती. "तीन दिवस मला कुणी 'सिस्टर टॉलबट' अशी हाक मारता कामा नये." गावात चर्चच्या रीतीने सगळे एकमेकांना ब्रदर आणि सिस्टर म्हणत. त्यासाठी तिने शहरातून एक छोटा तवा मागवला होता. त्यात मोजून दोन अंडी मावत. तो तवा ती दिवसातून एकदा खोक्यातून काढून बघायची आणि परत ठेवायची.

डेल्मरने तिला नाही म्हणणं शक्यच नव्हतं, कारण तो कुणालाच नाही म्हणत नसे. नकाराचा 'नाही' त्याच्या तोंडून कधी निघतच नसे. त्याच्या गॅरेजात तीन शेजाऱ्यांच्या तीन होड्या पडून होत्या, आणि होडी तरंगेल एवढं पाणी गावापासून ऐंशी मैलांवर होतं.

मात्र वाळवंटाच्या बाबतीत डेल्मरचा हात धरणारं कुणी नव्हतं. चौतीस वर्षं त्याने सरकारी ग्रेडर चालवून ते कच्चे रस्ते सपाट केले होते. दोन जादा टायर, तीस गॅलन पाणी, फावडं, दोर, सगळं त्याने महिनाभर आधीच व्हरांड्यात मांडून ठेवलं. पण या सगळ्याहून मोठा त्याचा एक नियम होता : वाळवंटात जाण्याआधी कागद मागे ठेवायचा. कोण चाललंय, कुठे चाललंय, परत कधी येणार, हे लिहून गावात राहणाऱ्या कुणाकडे तरी द्यायचं. वेळेवर आलो नाही तर त्याने शेरीफला फोन करायचा. कागद न ठेवता गेलेलं एक जोडपं डेल्मरला एकदा चौथ्या दिवशी सापडलं होतं. तेव्हा ते दोघं टूथपेस्ट खात होते, आणि त्यावरूनही भांडत होते.

शनिवारी डेल्मरने पट्टी घेऊन कागद आखला. वर ठळक अक्षरांत लिहिलं : 'कोल्ड बिस्किट कॅन्यन. गुरुवारी सकाळी सातला प्रस्थान, शनिवारी संध्याकाळी सहाला परत.' रविवारचं चर्च चुकवायचा प्रश्नच नव्हता. खाली रकाने पाडले : नाव, वय, औषधं, बुटाचा नंबर. बुटाचा नंबर अशासाठी, की माणूस हरवला तर वाळूतले ठसे कुणाचे ते कळावं. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, दुसऱ्या ओळीत नेड्राचं. माणसं दोनच होती, पण अर्धवट आखलेला कागद डेल्मरला बघवत नसे, म्हणून त्याने ओळी पार तळापर्यंत आखल्या. मग तो कागद चिमट्याच्या पॅडला लावला.

घोडं पेंड खातं ते इथे.

रविवारी चर्चमधल्या मोठ्यांच्या वर्गात शेजारीण वर्लीन ख्रिस्तेनसेन डेल्मरच्या पुढच्याच खुर्चीत बसली होती. नेड्रा पलीकडच्या खोलीत मुलांना पियानो वाजवत होती. डेल्मरने वर्लीनच्या खांद्यावरून पॅड पुढे केलं आणि हळूच म्हणाला, "सिस्टर, एवढं तुमच्याकडे घ्या." बाकीचं वर्ग संपल्यावर समजावू, असा त्याचा विचार. मग वर्ग घेणाऱ्या ब्रदर ऑस्मरने बायबलातल्या नोहाच्या जहाजाची मापं सांगायला सुरुवात केली, आणि डेल्मरने दर रविवारप्रमाणे डोळे मिटले.

आता आमच्याकडे चर्चमध्ये पॅड हातात आलं की माणूस काय करतो? नाव लिहितो आणि शेजाऱ्याला देतो. कुणाचं घर हलवायचं असेल, कुणाचं शेत नांगरायचं असेल, कुणाच्या मयताला बटाटे भाजून न्यायचे असतील. वाचत बसणारा माणूस कामचुकार समजला जातो. वर्लीनने नाव लिहिलं, पॅड पुढे गेलं. जहाजाची रुंदी संपून उंची सुरू झाली तेव्हा डेल्मर जागा झाला, आणि पॅड दुसऱ्या बाजूने फिरून त्याच्या मांडीवर येऊन पडलं होतं. त्यावर एकोणतीस नावं होती. एकानेही बुटाचा नंबर गाळला नव्हता. एका तान्ह्या बाळापुढे तर 'अजून नाही' असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

"ब्रदर टॉलबट!" वर्लीन मागे वळली. "एवढी मोठी सहल काढताय आणि इतके दिवस एक शब्द नाही! बटाटे माझ्याकडे."

"सिस्टर, ते असं आहे की..."

"असं कसं? दोन परातींनी काय होणार? चार करते."

तेवढ्यात बिशपनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "डेल्मर, गावाला हेच हवं होतं बघ. सगळे एकत्र. बरं वाटलं ना?"

"हो," डेल्मर म्हणाला. दुसरा शब्द होता कुठे त्याच्याकडे?

घरी नेड्रा दोन ताटल्या, दोन चमचे, दोन पेले पुसून ठेवत होती. "दिलास कागद वर्लीनला?" तिने विचारलं.

"दिला," डेल्मर म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

सोमवारी वर्लीनने तीन समित्या नेमल्या. गाजर घातलेल्या हिरव्या जेलीची समिती वेगळी, कारण गेल्या वर्षी त्यावरून अबोला झाला होता. मंगळवारपर्यंत वर्गाला न आलेल्या चौदा जणांच्या कानावर गोष्ट गेली, आणि 'आमचंच नाव कसं नाही' म्हणत तेही डेल्मरला गॅरेजात गाठून लिहून गेले. नेड्राला कुणी विचारलंच नाही; सहल तिचीच, तिला काय सांगायचं? डेल्मरला आशेचा एक किरण दिसला. घळीत एका वेळी बाराच माणसांना परवानगी मिळते! त्याने परवान्याच्या कचेरीत फोन लावला.

"त्रेचाळीस माणसं आहेत हो," तो जवळजवळ आनंदाने म्हणाला. "जमणार नाही ना?"

"अहो काका, काळजी कशाला करता?" पलीकडची मुलगी फार गोड होती. "चार गट करा, तासातासाने सोडा. मी आत्ता चार परवाने करून देते."

"तुम्हाला त्रास..."

"कसला त्रास!"

बुधवारी दुपारी ब्रदर ऑस्मर ट्रेलरवर निळा फिरता संडास घेऊन आला आणि टॉलबटांच्या दारात उभा करून निघाला. नेड्रा हात पुसत बाहेर आली.

"हे कुणाचं?"

"तुमचंच की, सिस्टर टॉलबट! म्हणजे सगळ्यांचंच. त्रेचाळीस माणसांना एक पुरणार नाही, पण म्हटलं, बायकांची तरी सोय होईल."

नेड्राने संडासाकडे बघितलं, मग डेल्मरकडे. डेल्मर टायरमधली हवा तपासत होता. तो टायर त्याने सकाळपासून चौथ्यांदा तपासला.

"त्रेचाळीस?" ती म्हणाली.

डेल्मरने सगळं सांगून टाकलं. पॅड, जहाज, डुलकी, सगळं. नेड्रा व्हरांड्याच्या पायरीवर बसली.

"मी एवढंच मागितलं होतं रे," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत एवढंच."

डेल्मर टायर सोडून उठला. "मी जाऊन नाही म्हणून सांगतो. आत्ता. एकेकाला."

"तू?"

"मी."

पहिलंच घर मेबेल लंडचं होतं. मेबेल एक्याऐंशी वर्षांची. ती नवे बूट घालून अंगणात येरझाऱ्या घालत होती.

"बूट सैल करतेय," ती दुरूनच ओरडली. "ब्रदर टॉलबट, मी सात नंबर लिहिलाय, पण डावा साडेसात आहे. चालेल ना? आमचे ऑर्विल गेल्यापासून मला कुणी कुठे बोलावलंच नव्हतं हो."

दहा मिनिटांनी डेल्मर परत आला.

"सांगितलंस?" नेड्राने विचारलं.

"तिच्या बुटाची नाडी बांधून आलो."

नेड्रा पायरीवरून उठली. "मलाही नसतं सांगता आलं," ती म्हणाली. तिने तो छोटा तवा खोक्यात घातला, खोकं कपाटात ठेवलं, आणि माळ्यावरून बादलीएवढं पातेलं खाली काढलं.

गुरुवारी सकाळी पावणेसातला चर्चच्या आवारात अकरा गाड्या उभ्या होत्या. शाळेला सुट्टी, त्यामुळे पोरं टपावर. चार परातींतल्या बटाट्यांचा वास सुटलेला. कोण कुठल्या गटात यावर वाद चाललेला, कारण जेली दुसऱ्या गटात होती. डेल्मर आपल्या पिकअपच्या मागे चढला आणि त्याने नियम सांगितले.

"एक, पाणी. माणशी दिवसाला एक गॅलन. दोन, आभाळ भरून आलं की घळीत कुणी उतरायचं नाही. तीन, कागद मागे कुणाकडे तरी..."

तो थांबला.

"बरोबर," बिशप म्हणाले. "कागद कुणाकडे आहे?"

"टपाल कचेरीतल्या डोरीनकडे द्या," वर्लीन म्हणाली.

"मी इथे आहे!" तिसऱ्या गाडीतून डोरीनने हात हलवला.

"मग पंपावरच्या लॉयलकडे."

सातव्या गाडीचा भोंगा वाजला. आत लॉयल होता, कुत्र्यासकट.

सगळ्यांनी गावाकडे बघितलं. गावात एक माणूस उरलेला नव्हता.

"जाऊ द्या हो तो कागद," ब्रदर ऑस्मर म्हणाला. "एवढे जण आहोत, हरवतंय कोण?"

"टूथपेस्ट खाणारेही असंच म्हणाले होते," डेल्मर म्हणाला.

ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली होती. मग पहिल्या गाडीतून एक हात वर झाला.

"मी राहते," मेबेल म्हणाली. "माझं काय, मी म्हातारी."

डेल्मरने तिच्याकडे बघितलं. तिच्या पायात नवे बूट होते आणि नाड्या त्यानेच बांधलेल्या होत्या. मग त्याने नेड्राकडे बघितलं. ती पातेलं मांडीवर घेऊन बसली होती. आणि डेल्मरच्या डोक्यात एकदम उजाडलं.

"मेबेल, तुम्ही बसा," तो म्हणाला. आवाज त्याने जमेल तेवढा पाडला. "नियम माझा आहे, तर तो मीच पाळायला हवा. आम्ही दोघं मागे राहतो."

"छे, छे! सहल तुमची आणि तुम्हीच..." बिशप कळवळले.

"कुणीतरी राहायलाच हवं."

नेड्राने एक क्षण त्याच्याकडे बघितलं. मग घाईघाईने रुमाल काढून तोंडावर दाबला. तिचे खांदे गदगदा हलायला लागले.

"बिचारी रडतेय!" वर्लीन धावली आणि तिला मिठी मारली. "केवढा हा त्याग, नेड्रा! मी कधी विसरणार नाही."

"जा तुम्ही," नेड्रा रुमालातूनच म्हणाली. "आमची काळजी करू नका. जा लवकर."

डेल्मरने नकाशा लॉयलला दिला आणि प्रत्येक वळण दोनदा समजावलं. उरलेल्या दहा गाड्या, संडास आणि तीन पराती धूळ उडवत गेल्या. एक परात बळेबळेच मागे ठेवली गेली. धूळ खाली बसली, आणि टॅमरिस्कमध्ये इतकं शांत झालं की चर्चच्या भिंतीवरचं घड्याळ रस्त्यावर ऐकू यायला लागलं.

"डेल्मर," नेड्रा म्हणाली.

"काय?"

"काही नाही. हाक मारून बघितली. कुणी मध्ये बोललं नाही."

त्या दिवशी छोट्या तव्यात दोन अंडी तळली गेली. शुक्रवारी परत दोन. दुपारी दोघांनी गावाच्या एकुलत्या एका रस्त्याच्या मधोमध खुर्च्या टाकल्या आणि पाय पसरून लिंबू सरबत प्यायलं. संध्याकाळी डेल्मरने गॅरेजातली सर्वांत मोठी होडी ओढून हिरवळीवर आणली, आणि ती दोघं तिच्यात बसून जेवली. नेड्राने मध्येच वल्हं मारायला सुरुवात केली. "कुठे निघालीस?" डेल्मरने विचारलं. "लांब," ती म्हणाली, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नेड्राला असं हसताना डेल्मरने कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. तीन दिवसांत तिला एकदाही कुणी सिस्टर टॉलबट म्हटलं नाही.

शनिवारी सहाच्या ठोक्याला डेल्मर कागद घेऊन फोनपाशी गेला. नेड्राने फोनवर हात ठेवला.

"ते घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे."

"नेड्रा, ते मीच लावलंय."

"म्हणूनच सांगतेय."

सहा वाजून चार मिनिटांनी टेकडीवर धूळ दिसली. "आले," नेड्रा म्हणाली, आणि होडीतल्या ताटल्या गोळा करायला लागली.

गाव भाजून लाल झालं होतं आणि वेड्यासारखं खूश होतं. मेबेल घळीच्या तळापर्यंत चालली होती. डावा बूट ती अजूनही सगळ्यांना दाखवत होती.

रविवारी मुलं थकून घरी झोपली होती, म्हणून मुलांचा वर्ग झालाच नाही आणि नेड्रा मोठ्यांच्या वर्गात डेल्मरच्या शेजारी येऊन बसली. नोहाचं जहाज पाण्यात उतरतंय तोच पॅड आलं. वर वर्लीनच्या अक्षरात लिहिलं होतं : 'कोल्ड बिस्किट कॅन्यन, पुढच्या वर्षी.' खाली शेवटी वेगळा रकाना होता : 'कागद घेऊन मागे राहणार.' नेड्राने डेल्मरच्या खिशातलं पेन ओढून काढलं आणि त्या रकान्यात दोघांची नावं लिहिली, बुटांच्या नंबरांसकट. मग तिने पान उलटलं.

मागे आणखी एक रकाना होता : 'टॉलबट जोडप्याला सोबत म्हणून मागे राहणारे.' त्यात अकरा नावं होती.

वर्लीन वळली. तिचे डोळे भरून आले होते. "या वेळी किती एकटे पडला असाल हो तुम्ही! पुन्हा असं होऊ देणार नाही."

नेड्राने तिचा हात थोपटला, पॅड पुढे दिलं, आणि ती डेल्मरच्या कानाशी वाकली.

"डेल्मर, या आठवड्यात त्या घळीत कोण असेल?"

"कुणीच नाही. सगळे जाऊन आले."

"मग आपण उद्या पहाटे निघालो तर... तो कागद कुणाकडे ठेवायलाच हवा का?"

डेल्मरने पुढच्या रांगेकडे बघितलं. तिथे पॅड एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं, आणि कुणी काही वाचत नव्हतं. चौतीस वर्षं ग्रेडरवर बसून ज्याला त्याला सांगितलेला नियम त्याच्या ओठांवर आला. पण शेजारी नेड्रा श्वास रोखून बसली होती. तिची हातातली पिशवी जरा उघडी होती, आणि तिच्यात तो छोटा तवा होता.

"नाही," डेल्मर म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला, त्यामुळे जरा मोठ्यानेच निघालं. सगळा वर्ग वळून बघायला लागला.