या, या, बेसन!

प्रसन्न आगाशेला कुणी विचारलं असतं, की बाबा रे, आयुष्यात तू काय कमावलंस, तर त्याने छाती फुगवून, पण अगदी हळू आवाजात उत्तर दिलं असतं, "शांतता!" जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात तो इंजिनियर होता, आणि गाडीचं दार लावताना होणारा आवाज कमी करणं हेच त्याचं काम होतं. दिवसभर ऑफिसात स्वतः दारं आपटायची आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोवर डाफरायचं, की कपाटाचं दार केवढ्यांदा लावतेस!

"हे बघ सुकन्या, या गावाची मजा घ्यायची ना, तर इथल्या लोकांसारखी घ्यायची," तो सांगायचा. "हे लोक कसे, चालतात हळू, बोलतात हळू, रविवारी तर गवतसुद्धा कापत नाहीत! आपण गेल्या वर्षभरात वरच्या बाईंना एकदा तरी त्रास दिलाय? गेनाऊ, अगदी बरोबर! एकदाही नाही!"

वरच्या बाई म्हणजे घरमालकीण फ्राऊ र्‍योर्ल. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या, हातात काठी, चेहऱ्यावर हसू नाही. द्राक्षमळ्यांच्या पायथ्याच्या गल्लीतल्या त्यांच्या जुन्या घराचा खालचा मजला आगाश्यांनी एक वर्षाच्या करारावर घेतला होता, तोही आठ महिने घरं शोधून आणि चौदा मालकांचे नकार पचवून. ते घर हातचं जाऊ नये म्हणून प्रसन्नने घरात कडक शिस्त लावली होती. सगळ्यांनी लोकरी मोजे घालून चालायचं. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही! शिट्टीने मान वर काढली, की प्रसन्न धावत जाऊन कुकर उचलायचा. वर्षभर त्या घरात डाळ म्हणून शिजली नव्हती.

अशा घरात ऑक्टोबरात सांगलीहून सासूबाई आल्या! कुंदाताईंचा आवाज असा, की त्या फोनवर बोलू लागल्या की फोनची गरज आहे का असा प्रश्न पडावा. दोन हजार सहा साल होतं, इंटरनॅशनल कॉल जपून करायचे दिवस, आणि आवाज लांब जायचा तर तो मोठाच काढायला हवा यावर त्यांची श्रद्धा होती.

जावयाने त्यांना पहिल्याच रविवारी नदीकाठी नेलं.

"आई, इथे बाकावर बसायचं आणि पाणी बघायचं. बोलायचं नाही."

"बोलायचं नाही?"

"नाही. हे लोक अशीच मजा घेतात."

कुंदाताईंनी पाच मिनिटं पाणी बघितलं. मग म्हणाल्या, "अहो प्रसन्नराव, कुणी गेलंय का?"

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पत्रपेटीत एक चिठ्ठी आली. फ्राऊ र्‍योर्लच्या टोकदार अक्षरात दोनच ओळी होत्या: 'रविवारी चार वाजता वर यावे. कराराविषयी बोलायचे आहे.' प्रसन्नने ती दोनदा वाचली. करार नोव्हेंबरात संपत होता. लेकीचं, तनयाचं, किंडरगार्टन दोन गल्ल्या सोडून होतं. ऐन थंडीत पुन्हा चौदा दारं वाजवायची? त्याने घरात जाहीर केलं, "रविवारी चारपर्यंत या घरातून टाचणी पडल्याचासुद्धा आवाज यायला नको!"

"शनिवारी लक्ष्मीपूजन आहे," कुंदाताई म्हणाल्या.

"मनातल्या मनात आरती म्हणा."

"आणि केरसुणी? नवी केरसुणी लागते पूजेला. ती काय मनातल्या मनात आणू?"

प्रसन्न मुकाट्याने बांधकाम सामानाच्या दुकानात गेला. केरसुणी नव्हतीच. मिळाला तो काटक्यांचा, लांब दांड्याचा, माणसाएवढा झाडू. कुंदाताईंनी तो खालून वर न्याहाळला, म्हणाल्या, "लक्ष्मी इकडे येऊन उंच झाली हो!" आणि त्याला हळदकुंकू वाहून पाटावर उभं केलं.

शनिवारी संध्याकाळी सगळी तयारी झाली. दाराबाहेर आकाशकंदील, पायरीवर पणत्या, ताटात बेसनाचे लाडू आणि चकल्या. एवढ्यात पाच वर्षांच्या तनयाने पाटावरची ती लांब केरसुणी ओढली, दांड्यावर टांग टाकली आणि "इश बिन आइनऽ हेक्सऽ!" म्हणत घरभर धावत सुटली. मी चेटकीण आहे, असं तिचं म्हणणं होतं.

"अगं अगं कार्टे!" कुंदाताई कडाडल्या. "लक्ष्मीवर बसतेस?"

प्रसन्नने आधी छताकडे पाहिलं. मग झडप घालून केरसुणी काढून घेतली. दाराशेजारच्या भिंतीत बाहेरच्या बाजूला उंचावर एक जाड लोखंडी आकडा होता. तो तिथे कशासाठी आहे हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याने केरसुणी तिथे टांगली.

"लक्ष्मी दाराबाहेर?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"आत येतेय असं समजा, आई! पण हळू बोला!"

कुंदाताईंना ते पटलं. त्यांनी कुंडीतल्या शेवटच्या झेंडूंची माळ केरसुणीला घातली, लक्ष्मी आत यावी म्हणून दार सताड उघडं ठेवलं आणि लाडूंच्या ताटाजवळ बसल्या. सुकन्या नऊवारी नेसायला आतल्या खोलीत गेली आणि प्रसन्न आंघोळीला.

पुढचं रामायण प्रसन्नला नंतर कळलं. मळ्यांतून फिरून परतणारं एक वयस्कर जोडपं गल्लीत थबकलं. केरसुणीकडे बघून म्हातारे आजोबा दारात आले, टोपी काढली आणि म्हणाले, "ग्रूस गॉट! बेझन?"

गॉट म्हणजे देव, हे कुंदाताईंना तीन आठवड्यांत कळलं होतं. लक्ष्मीपूजनाला देवाचं नाव घेत पाहुणे दारात! आणि विचारतात काय, तर बेसन?

"या, या!" कुंदाताई आनंदाने ओरडल्या. "बेसनच आहेत! कालच वळलेत!"

जर्मन भाषेत 'या' म्हणजे 'हो', हे मात्र कुंदाताईंना ठाऊक नव्हतं. आजोबांना मनासारखं उत्तर मिळालं. ते वळून गल्लीच्या टोकाकडे ओरडले, आणि मागून त्यांची अख्खी फिरायला निघालेली टोळी आली. "बेझन?" "या, या, बेसन!" "बेझन?" "या, या!"

पितांबर नेसून, ओल्या डोक्याने प्रसन्न बाहेर आला तेव्हा त्याच्या दिवाणखान्यात अकरा जर्मन बसले होते. सोफ्यावर पाच, खुर्च्यांवर चार, आणि उरलेले दोघे तनयाच्या खेळण्यांच्या पेटीवर. प्रत्येकाच्या हातात लाडू. कुंदाताई चकल्यांचं ताट फिरवत होत्या आणि सांगलीतल्या हळदीच्या पेठेविषयी सगळ्यांना मराठीत माहिती देत होत्या. सगळे माना हलवत होते. आवाज तर असा, की खिडकीच्या काचा थरथरत होत्या!

"बिट्टऽ, लाइझऽ!" हळू बोला म्हणून प्रसन्नने हात जोडले. पितांबरातला माणूस नमस्कार करतोय हे पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुकन्या निऱ्या सावरत धावत आली आणि त्याचा दंड धरून पुटपुटली, "अरे, हे घर बघायला आलेत! र्‍योर्लबाईंनी दुसरे भाडेकरू बघायला सुरुवात केली, कळतंय ना तुला?"

प्रसन्नच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणून ती चिठ्ठी! पण तोही इंजिनियर होता, अडचणीतून वाट काढायचे पैसे घेत होता. पाहुण्यांनीच जर घर नाकारलं तर? तो आजोबांजवळ जाऊन बसला आणि दुःखी चेहऱ्याने जर्मनमध्ये म्हणाला, "खरं सांगू? घर काही चांगलं नाही. हिवाळ्यात गारठून जातो आम्ही."

"मग तर आतून गरम होण्याची सोय हवीच!" आजोबा डोळे मिचकावून म्हणाले.

"आणि तळघर! अहो, भिंतींना हात लावला तर हात ओला होतो!"

"ओलं आहे?" आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी सगळ्यांना ओरडून सांगितलं, "तळघर ओलं आहे!" आणि अकरा जणांनी जयघोष केला.

"छत गळतं!" प्रसन्न हट्टाला पेटला.

"अहो, छताचं राहू द्या! पिंप असतं तळघरात," आजोबा म्हणाले. "चकली फार छान आहे, पण वाइन कधी आणणार?"

"वाइन? कसली वाइन?"

आजोबांनी दाराबाहेर बोट दाखवलं. "म्हणजे काय? बेझन लावलाय ना!"

प्रसन्नने मान वळवून केरसुणीकडे पाहिलं. तनया कधीची त्याचा पितांबर ओढत होती. "पापा, बेझन म्हणजे झाडू!" जर्मनमध्येच उत्तरं देणाऱ्या पोरीने नेमकं हे एक वाक्य मराठीत सांगितलं होतं. आणि आता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ऑफिसातल्या लोकांनी दहा वेळा सांगितलेलं! या भागातले मळेवाले हंगामात आपल्या घरीच वाइन पाजतात, आणि आज आमचं घर उघडं आहे हे कळावं म्हणून दारावर झाडू टांगतात. त्याने स्वतःच्या हाताने, वर सासूबाईंकडून झेंडूची माळ घालून घेऊन, स्वतःच्या घराचा गुत्ता केला होता!

टक्. टक्. टक्. जिन्यावर काठी वाजली.

फ्राऊ र्‍योर्ल दारात उभ्या होत्या. खोली चिडीचूप झाली. वर्षभर ज्या शांततेसाठी प्रसन्नने जिवाचं रान केलं ती आता आली होती, आणि ती त्याला सहन होत नव्हती. बाईंनी खोलीकडे पाहिलंच नाही. त्या केरसुणीकडे बघत होत्या.

"त्या आकड्यावर कुणी लावला?" त्यांनी विचारलं.

"मी," प्रसन्न म्हणाला. आवाज इतका बारीक, की कारखान्यातल्या मशीनवर नोंदही झाली नसती.

"लीझल!" आजोबा बाईंकडे बघत उठून उभे राहिले. "आम्हाला वाटलं, तू पुन्हा सुरू केलंस!"

बाई खुर्चीत बसल्या. त्यांचा नवरा कार्ल तीस वर्षं याच खोलीत असा वाइनचा बेझन चालवायचा. तो आकडा त्यानेच ठोकलेला. तो गेला आणि नऊ वर्षं आकडा रिकामा राहिला होता. कुंदाताईंना यातलं एक अक्षर कळलं नाही, पण बाईंचे डोळे भरून आलेले त्यांना दिसले. त्यांनी उठून बाईंच्या हातात लाडू ठेवला आणि पाठीवरून हात फिरवला.

लाडू संपल्यावर फ्राऊ र्‍योर्लने नाक पुसलं आणि आजोबांना तळघराची किल्ली दिली. "कार्लच्या बाटल्या आहेत अजून. ओल्या भिंतीकडच्या घे, ओलाव्यात वाइन चांगली राहते."

बाटल्या आल्या, पेले भरले. प्रसन्नला मात्र राहवेना. "फ्राऊ र्‍योर्ल, उद्या चार वाजता... म्हणजे कराराचं..."

"नाही म्हणणार होते," बाई सरळ म्हणाल्या.

"पण का?" सुकन्याने विचारलं.

"एकटी बाई मी. खाली मूल असलेलं कुटुंब ठेवलं, म्हटलं, धावपळ असेल, माणसांचा आवाज येईल. तुमच्या आधीचा भाडेकरू ट्रंपेट वाजवायचा, काय छान झोप लागायची मला! आणि तुम्ही? वर्षभर चूं नाही की चां नाही! मी जिन्यात पडले तर हाक कुणाला मारायची? खाली कुणी राहतंय की नाही हेच मला कळेना. मला वाटलं, तुम्हाला मी आवडत नाही, म्हणून लपून राहता." त्यांनी कुंदाताईंकडे पाहिलं. "गेल्या तीन आठवड्यांत जरा बरं वाटायला लागलं होतं. आणि आजचं ऐकून तर ठरवलं, राहा तुम्ही."

सुकन्याने भाषांतर करून सांगितलं. कुंदाताईंनी जावयाकडे पाहिलं. त्या नजरेने एरवी प्रसन्न खजील झाला असता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. घर राहिलं होतं! तो पितांबरासकट मटकन खाली बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात उशीशिवाय शिंकला.

रविवारी घरात कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. डाळ लोण्यासारखी शिजली. चार वाजता प्रसन्न वर गेला. करार बेमुदत होता आणि शेवटी बाईंनी हाताने एक कलम घातलं होतं: 'भाडेकरूने दररोज आवाज करावा.' गाडीच्या दारांचा आवाज घालवण्याबद्दल पगार घेणाऱ्या इंजिनियरने त्याखाली मुकाट्याने सही केली.

"मान्य आहे ना?" बाईंनी विचारलं.

"या," प्रसन्न सवयीने पुटपुटला.

बाईंनी कानामागे हात धरला आणि काठीने कलमावर टकटक केलं.

"या! या!" प्रसन्न बेंबीच्या देठापासून ओरडला.

"कोण आलं हो प्रसन्नराव?" खालून कुंदाताईंचा आवाज घर भेदून वर आला. "लाडू संपलेत म्हणावं!"