अण्णांचा सूर्यास्त

मनालीच्या हॉटेलसमोरच्या अंगणात ऊन होतं आणि बघता बघता ते गेलं. चार वाजतात न वाजतात तोच सूर्य पश्चिमेच्या डोंगराआड उतरला. बाकीच्या प्रवाशांनी स्वेटरची बटणं लावली. धरणेंद्र मगदूम मात्र डोंगराकडेच बघत राहिले, कारण ते अजून जेवायचे होते.

सांगलीत हळदीची अडत चालवणारे धरणेंद्रअण्णा जैन घरातले. सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवायचं नाही, हा घरचा नियम. त्यांची बायको चंदनबालाही तो पाळायची, पण गाजावाजा न करता. अण्णा पाळायचे ते चारचौघांत. येताना गाडीत कुणीतरी कॅलेंडर बघून सूर्यास्ताची वेळ सांगितली, तेव्हा त्यांनी सगळ्या सहलीला ऐकवलं होतं, "कॅलेंडरवाल्याला काय ठावं? डोळ्याला सूर्य दिसतोय तवर जेवायचं. दिसायचा बंद झाला की ताट बंद!" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता चंदनबाला जेवून, हात धुऊन खुर्चीत बसली होती. तिनं मघाशी हाका मारल्या, तेव्हा अण्णा हिमाचली टोपी घालून अंगणाबाहेरच्या भाड्याच्या याकवर बसले होते आणि फोटो मनासारखा येत नव्हता. दुपारी ढाब्यावरच्या प्रत्येक भाजीत कांदा-लसूण, म्हणून नुसत्या दहीभातावर भागवलेलं. भूक अशी लागली होती, की याकसुद्धा त्यांच्याकडे संशयानं बघत होता.

"चंदन, डबा दे बघू. कॅलेंडरात अजून लय वेळ हाय," ते हळूच म्हणाले.

शेजारी वडूजचे नानासो बसले होते. त्यांचा जन्म मेंढरांमागं गेलेला, त्यामुळे कान भलते तिखट. "आवं अण्णा, डोळ्याला दिसला तरच जेवायचं, असं तुमीच म्हनला न्हवं गाडीत?"

चार माणसं वळून बघायला लागली. अण्णांनी मान वर केली. हॉटेलमागच्या चढावर, देवदारांच्या वर, अजून पिवळंधमक ऊन होतं.

"मग तितं जाऊन जेवतो की! नियम म्हंजे नियम."

"आवं, बसा की हितंच. हॉटेलवाला कायतरी सांगतोय," चंदनबाला म्हणाली. पण अण्णा डबा घेऊन निघालेसुद्धा. एकटा माणूस कुठं घसरला तर पंचाईत, म्हणून नानासोही मागोमाग गेले.

ऊन गाठून अण्णा एका दगडावर टेकले, डब्याचं फडकं सोडलं आणि सावली पायाच्या अंगठ्यावर आली. ते उठले. आणखी वर जाऊन झाकण काढलं, तर सावली मांडीवर. नानासो शिवारात फिरावं तसे चालत होते आणि अण्णांचा श्वास मात्र खालीच कुठंतरी राहिला होता.

"नानासो, कायतरी करा की!"

"मेंढरू असतं तर वळवून आनलं असतं अण्णा. ऊन कसं वळवू?"

तिसऱ्या वेळी दशमीचा घास चटणीत बुडून ओठांपर्यंत पोचला, आणि तेवढ्यात नाकावरचं ऊन गेलं. घास थांबला. तो परत डब्यात ठेवताना अण्णांना अक्षरशः रडू यायचं बाकी होतं. खाली बघतात तर सगळी सहल अंगणात उभी राहून माना वर करून हा खेळ बघत होती. आता उतरायचं तर ताठ मानेनं उतरायला हवं. अण्णांनी हात जोडले आणि खोऱ्यात ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "उद्या सूर्य डोळ्याला दिसंपर्यंत चारी आहारांचा त्याग! पाण्याचा थेंबसुदिक न्हाई!"

खालून टाळ्या आल्या. अण्णांना एकदम फार मोठं झाल्यासारखं वाटलं. त्या भरात त्यांनी डबा नानासोंपुढं केला. "अन्न वाया नको. तुमी खावा."

नानासोंनी आढेवेढे घेतले नाहीत. शेवटची दशमी त्यांच्या तोंडात गेली आणि लख्ख उजेड पडला. दोन शिखरांमधल्या खिंडीत परातीएवढा सूर्य येऊन उभा होता.

"अण्णा," भरल्या तोंडानं नानासो म्हणाले, "दिसला की वं!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अण्णा खाली आले तेव्हा अंगण उन्हानं भरलेलं होतं आणि सहलीतले लोक त्यात बसून गरम भजी खात होते. अण्णांना बघून त्यांनी आदरानं ताटल्या बाजूला सरकवल्या. तो आदर अण्णांना भज्यांच्या वासापेक्षा जास्त झोंबला.

"म्हनून म्हनत हुते, बसा," चंदनबाला म्हणाली. "त्यो खिंडीतनं परत दिसतोय, असं हॉटेलवाला सांगत हुता." नवऱ्याचं उतरलेलं तोंड बघून तिला खरंच वाईट वाटलं. "जाऊ द्या. एका रातीचा तर प्रश्न हाय."

"सकाळी उजाडल्या उजाडल्या पोहे कर."

चंदनबालानं पूर्वेकडे पाहिलं. तिकडचा डोंगर पश्चिमेच्या डोंगराहून उंच होता. "उजाडंल लवकर. पर हितं सूर्य डोळ्याला दिसायला धा वाजत्यात म्हनं."

अण्णांनी आधी एका डोंगराकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"पुढच्या सुट्टीला कोकणात जाऊ," ते शेवटी म्हणाले. "समुद्राला डोंगर नसतोय."

कोकणात सूर्य मावळतो समुद्रात, पण उगवतो सह्याद्रीवरून, हे चंदनबालाला ठाऊक होतं. उपाशी माणसाला ते सांगायचं तिच्या जिवावर आलं.