मास्तरांचा शेवटचा शर्ट

लाँड्रीवाल्याच्या टेबलावर मास्तरांचा पांढरा शर्ट पडला होता आणि मास्तर घरी बर्फावर होते. दुपारी त्यांना न्यायचं होतं. "भाऊ, खिशावरचा हळदीचा डाग तेवढा काढा," सकाळी शर्ट देताना मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या. "जन्मभर माझं ऐकलं नाही. आज एकदा तरी माणूस स्वच्छ जाऊ दे."

हळदीच्या कॅप्सूल लाँड्रीवाल्याला मास्तरांनीच लावल्या होत्या. दिवसभर उभं राहून इस्त्री करणाऱ्याचे गुडघे ते किती टिकणार! अख्खी कॅप्सूल घशात अडकेल अशी दोघांनाही धास्ती. म्हणून ती फोडायची, पूड तळहातावर घ्यायची आणि चाटायची, हे शिक्षणही मास्तरांचंच. त्यांचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. हृदयाची चौकशी कोणी केलीच नव्हती.

लाँड्रीवाल्याने जीव ओतून शर्ट धुतला, उन्हात टाकला, डाग पार उडवला. मग इस्त्री फिरवता फिरवता त्याचा गुडघा ठणकला. सवयीने त्याने कॅप्सूल फोडली, मास्तर आठवले, हुंदका आला आणि सगळी पूड फुंकरीसरशी शर्टावर गेली. पडली तीही नेमकी खिशावर.

"अहो, काय केलंत हे!" बायको धावत आली. तिने ओला साबण घेऊन डाग खसाखसा घासला. हळदीला साबण लागला आणि डाग लालभडक झाला.

"अगं, हे तर रक्त दिसतंय!"

"मग? लोक म्हणतील, मास्तरांना कोणीतरी भोसकलं."

"हळू बोल! माणूस मेलाय!"

"मेलाय म्हणूनच म्हणतेय. जिवंत असते तर दुसरा शर्ट घातला असता."

तिने व्हिनेगर ओतलं. लाल गेलं, पिवळं परत आलं. आता फक्त ऊन हवं होतं, आणि ऊन मघाशीच ढगाआड गेलं होतं. लाँड्रीवाल्याला रडू फुटलं. मित्रासाठी शेवटचं एक काम करायचं होतं, तेही धड झालं नाही. त्याने इस्त्रीने शर्ट वाळवला, तेवढ्यात मास्तरीणबाई दारात उभ्या राहिल्या.

शर्ट उलगडून त्या खिशाकडे बघत राहिल्या.

"वहिनी, तो डाग..." लाँड्रीवाल्याने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

"नाही ना गेला?" मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी डागावरून अंगठा फिरवला. "रोज भांडायचे मी या डागावरून. सकाळी शर्ट तुम्हाला दिला आणि घरी गेल्यावर वाटलं, परत आणावा. स्वच्छ शर्टातला माणूस मला ओळखीचा वाटला नसता हो." एवढं बोलून त्या रडल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

खरं सांगायची ताकद लाँड्रीवाल्यात उरली नव्हती.

डोळे पुसून मास्तरीणबाईंनी शर्ट छातीशी धरला आणि त्या निघाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "भाऊ, ती गोळी तुम्ही अख्खी गिळत जा. तुमच्याही खिशावर पूड सांडलीय. ताजीच आहे अजून."

त्या गेल्यावर बायकोने नवऱ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.