मोठ्या बाईंची विणायची सुई

मोठ्या बाई नव्या माणसाला पहिल्या भेटीत नाव विचारायच्या नाहीत. सरळ म्हणायच्या, "रक्त कोणतं तुमचं?"

आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या लग्नात त्या आहेर द्यायला बोहल्यापर्यंत गेल्या. नवरदेवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाकून त्याच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. लोकांना वाटलं, आशीर्वाद देताहेत. नवरदेव गोंधळून म्हणाला, "देशस्थ."

"जात कोन पुसली तुले? रक्त पुसलं मी!" बाई कडाडल्या. अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं. भटजींच्या हातातली पळी तशीच राहिली.

मोठ्या बाई म्हणजे अकोल्याच्या आमच्या मुलींच्या शाळेच्या हेडमास्तरीण. काटकुळ्या, उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. शाळेच्या फाटकाच्या आत त्या अशी शुद्ध मराठी बोलायच्या की आम्ही पुण्याच्यांनी माना खाली घालाव्यात. फाटकाच्या बाहेर पाऊल पडलं की अस्सल वऱ्हाडी. मी साठ सालानंतर केव्हातरी पुण्याहून तिथे नोकरीला आले आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझं बोट धरून मला इस्पितळात नेलं, टोचवलं आणि माझं कार्ड तयार केलं.

हे कार्ड म्हणजे काय, ते सांगायला हवं. त्या काळी रक्त लागलं की नातेवाईक गावभर धावत सुटायचे. बाईंनी ठरवलं की कोणाच्या अंगात कोणतं रक्त आहे हे आधीच माहीत पाहिजे. गावातल्या लग्नपत्रिका गोळा करून त्यांनी बुकबाइंडरकडून त्यांचे एका मापाचे तुकडे कापून घेतले. प्रत्येक माणसाचा एक तुकडा. कोऱ्या बाजूला नाव-पत्ता. वरच्या कडेला ओळीने भोकं. हे भोक 'ए'चं, ते 'बी'चं, हे निगेटिव्हचं, हे अकोल्यात राहणाऱ्यांचं. ज्याला जे लागू, त्याचं ते भोक बाई चिमट्याने कडेपर्यंत कापून उघडं करायच्या.

मग कोणी रक्त मागायला आलं की कार्डांचा गठ्ठा हातात धरायचा, 'बी'च्या भोकातून स्वेटर विणायची लांब सुई आरपार घालायची, उचलायची आणि झटकायची. ज्यांची भोकं बंद, ती कार्डं सुईला लटकून राहायची. 'बी' रक्ताची माणसं तेवढी टपटप बाईंच्या मांडीवर पडायची.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. गावातल्या इतक्या माणसांतून नेमकी हवी तेवढीच उठून येतात, तीही एका सुईच्या झटक्यात! बाई मात्र भाजी निवडावी तशा शांत.

"कार्डं हुशार नसतात गं," त्या म्हणायच्या. "ते जेवढं पुसलं तेवढंच सांगतात. आपल्यालेच पुसता येत नाई."

मला तर नाहीच आलं. शिकवणीला बसले की दर दोन मिनिटांनी त्यांचं पालुपद ऐकू यायचं, "पुसून काय राहिली, अन् पायजे काय तुले?"

एकदा डॉक्टरांनी कावीळ न झालेल्या लोकांची नावं मागितली. मी काविळीच्या भोकात सुई घातली, गठ्ठा झटकला आणि जी लटकून राहिली ती सगळी कार्डं ऐटीत बाईंपुढे ठेवली. त्यांनी वरचंच कार्ड उचललं.

"याले कावीळ नाई झाली?"

"भोक बंद आहे ना."

"भोक बंद हाय, कारण आपन याले पुसलंच नाई. नाई अन् माईत नाई, या दोघांच्या मधात मानूस मरते, पोरी."

त्या दिवसापासून 'कावीळ नाही' यासाठी वेगळं भोक आलं.

कवायतीच्या देशमुख सरांनी तर कमाल केली. चार कार्डांवर 'ओ'चं भोक उघडायचं होतं. सरांनी झटपट काम उरकायचं म्हणून चार कार्डं वेगळी न काढता सगळेच गठ्ठे एकामागून एक चिमट्यात धरले आणि कापले. बाई आल्या, सुई घातली, झटकली. एकही कार्ड लटकलं नाही. सगळा गाव मांडीवर.

बाईंनी ढिगातलं एक कार्ड उचलून उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "देशमुख सर, अख्खं अकोलं एका रक्ताचं करून टाकलं तुमी. इच्चार लय चांगला हाय. पन खोटा हाय."

सर रडायच्या बेतात आले होते. पण बाईंनी कार्डांचा दुसरा संच करून अमरावतीला बहिणीच्या घरी ठेवला होता. सरांनाच त्यांनी सकाळच्या गाडीने तो आणायला पिटाळलं.

आणि मग तो हिवाळ्यातला दिवस. शाळा नुकतीच सुटली होती, मी आणि देशमुख सर बाईंच्या घरी कार्डं लावत बसलो होतो. एक तरुण वकील धापा टाकत आले. बायको कुमुद इस्पितळात होती, बाळंत झाली होती, मूल ठीक होतं, पण रक्त थांबत नव्हतं. तिचं रक्त बी निगेटिव्ह. सगळं घर तपासून झालं, कोणाचंच जुळेना.

बाईंनी सुई माझ्या हातात दिली. "तू पाय. मी फोन करते डॉक्टरले."

मी 'बी' काढली. त्यातून निगेटिव्ह काढली. मूठभर कार्डं उरली. त्यातून अकोल्यात राहणारी काढायला सुई घातली, झटकली. एकही पडलं नाही. पुन्हा झटकली. वकील माझ्या चेहऱ्याकडेच पाहत होते.

"कोणी नाही, बाई," मी म्हणाले.

बाईंनी फोन ठेवला. "कोनी नाई असं कार्डं मनत नाईत. तू शेवटी काय पुसलं?"

"अकोल्यात कोण राहतं ते."

"राहते कुठं हे कावून पुसलं? मानूस रक्त काय घरी ठेवून येते? अंगात घेऊनच फिरते ना?"

त्यांनी लटकलेली कार्डं सुईवरून ओढून भराभर वाचली. एकावर बोट थांबलं. सुदाम, राहणार मूर्तिजापूर. कामाला अकोल्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात. कापसाचा हंगाम होता, म्हणजे तो रोज गाडीने इथेच येत होता. वकिलांची सायकल घेऊन देशमुख सर जिनाकडे सुटले, आम्ही इस्पितळाकडे.

तिथे कुमुदच्या सासूबाई बाकावर बसल्या होत्या. रक्त देणारा सापडला हे ऐकून त्यांनी हात जोडले. मग हळूच विचारलं, "कोणाचा आहे हो तो मुलगा? तुमच्या त्या कार्डांतून आपल्यातला कोणी बघता नाही का येणार?"

मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, आता कडाडणार. पण बाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "माय, त्याचं भोकच नाई पाडलं मी. जे भोकच नाई, त्याच्यात सुई कशी घालू?"

तेवढ्यात दारात पावलं वाजली. सुदाम उभा होता. विशीतला पोरगा, केसांत, भुवयांवर कापूस चिकटलेला. त्याच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला होता. त्याने सगळं ऐकलं होतं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. वकिलांनी मान खाली घातली. सुदाम त्यांच्याकडे किंवा त्यांच्या आईकडे वळलासुद्धा नाही.

"बाई," तो म्हणाला, "कुठं झोपू, तेवढं सांगा."

कुमुद वाचली. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन तसं म्हणाले, तेव्हा बाई एकदम म्हणाल्या, "आता माझंबी घ्या." डॉक्टर हसले. नंतर त्यांच्याकडूनच मला कळलं की बाई अधूनमधून स्वतःचं रक्त द्यायला येतात आणि वजन कमी भरतं म्हणून ते त्यांना परत पाठवतात. एकदा तर वजनकाट्यावर चढताना त्यांच्या ओच्यातून वाण्याचं लोखंडी वजन निसटून खाली पडलं होतं!

पुढच्या दिवाळीत माझा भाऊ फौजेत सरहद्दीवर होता, म्हणून मी पुण्याला गेले नव्हते. भाऊबीजेच्या सकाळी कुमुद रांगत्या मुलाला घेऊन बाईंच्या दारात आली. तिला सुदामला ओवाळायचं होतं, घर माहीत नव्हतं. सासूबाई आल्या नव्हत्या, पण अनारशांचा डबा त्यांनीच भरून दिला होता.

आम्ही तिघी मूर्तिजापूरला गेलो. बाईंनी विचारत विचारत गल्ली शोधली, घर दाखवलं आणि स्वतः कोपऱ्यावरच थांबल्या.

"चला ना, बाई," कुमुद म्हणाली.

"तुमी जा. तुमचं आता रक्ताचं नातं हाय. मी काय करू तिथं?"

कुमुद आत गेली. मी बाईंजवळ उभी राहिले. आतून सुदामच्या आईचा आवाज आला, मग मुलाचं खिदळणं. बाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. सुई झटकल्यावर माझा होत असेल, तसा. थक्क.

परतीच्या गाडीत कुमुद मुलाला मांडीवर घेऊन पेंगली. बाई खिडकीबाहेर कापसाची शेतं बघत होत्या. अकोलं जवळ आलं तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"रातच्याले कोनाकडे जेवाले जाऊन राहिली का तू?"

"नाही, बाई. कोणाकडे जाणार?"

"नाई, मनलं, पुसून घ्यावं." त्यांनी पदर सारखा केला. "मंग माझ्याकडंच ये. सकाळीच दोघींपुरतं पुरन शिजवून ठेवलं मी. दरसाली ठेवते."